एका चुलीला एक आवतन

घरभरणीच्या पत्रिका वाटायचं काम मंदानं माझ्याकडं दिलं, ही तिची चूक. ती चूक होती हे मी पहिल्याच गल्लीत सिद्ध करून दिलं.

ब्रह्मपुरीत आमचं नवं घर झालं होतं. बोलवायच्या घरांची यादी मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं केली. पाकिटांवर नावं मी लिहिली आणि झोळी घेऊन वाटायलाही मीच निघालो. आमच्या मागच्याच गल्लीत वर्षा आणि सुनंदा राहत. वर्षा दवाखान्यात नर्स, सुनंदा शाळेत शिक्षिका. भाड्याचं दोन खोल्यांचं घर होतं. मी दोघींच्या हातात दोन वेगवेगळी पाकिटं दिली. एकावर कुमारी वर्षा, दुसऱ्यावर कुमारी सुनंदा. दोघींचाही मान ठेवला म्हणून मनातल्या मनात स्वतःवर खूश होतो. त्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, हेही मला दिसलं होतं. मला वाटलं, माझं अक्षर पाहून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाचे वडील दौलतभाऊ सायकल टेकवून दारात उभे. हातात एक पाकीट.

"हे वापस घे," ते म्हणाले.

"काऊन भाऊ? येणार नाईत काय त्या?"

"येतीन न. पण एका चुलीले किती आवतनं देतेस तू?"

आमच्याकडं जेवणाच्या बोलावण्याला आवतन म्हणतात. एकट्या माणसाचं आवतन वेगळं आणि चुलीचं वेगळं. चुलीचं आवतन म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहान-मोठे सगळे आमच्या पंगतीला. ते घराला एकच असतं. दोन दिली तर त्याचा अर्थ, आम्ही तुम्हाला एक घर मानत नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या की गावाला ते असंच कळतं.

मी म्हटलं, "भाऊ, त्या काही एका घरच्या नाईत. मैत्रिणी आहेत, सोबत राहतात, म्हणून..."

"मैत्रिणी आहेत हे तुले कोणं सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात. त्यांले विचारलं काय?" दौलतभाऊ ओट्यावर बसले. "जोडी आहे ते, बाबू. नवरा-बायको जशी जोडी असते, तशी. त्यांनी एकमेकींले तसं मानलं आहे. कोणत्या शब्दानं म्हणायचं ते मले अजून सापडलं नाई. पण चूल एक आहे."

अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी एकूण सगळ्या शक्यतांतून निवडून म्हटलं, "चहात साखर किती घ्याल?"

ते मोठ्यानं हसले. "दोन चमचे. आजच्याले एवढंच पुष्कळ झालं."

चहा पिऊन जाताना त्यांनी दाराच्या मागं वाकून काहीतरी केलं. मला वाटलं, नव्या भिंतीचा गिलावा पाहून राहिले.

दौलतभाऊ माझे सहकारी. वैनगंगेच्या पल्याड, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी काचपट्ट्या तपासणारा टेक्निशियन होतो आणि ते मलेरियाचे कर्मचारी. मी खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहायचो. ते रक्त आणायला भाऊ जंगलातली गावं सायकलनं पालथी घालायचे. गावोगाव त्यांना मलेरियाभाऊ म्हणत. खांद्यावर खाकी झोळा, त्यात काचपट्ट्या, सुया, कापूस, गोळ्या, आणि वरच्या खिशात खडू. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी फेरी. दारात उभं राहून विचारायचं, "कोणाले ताप आहे काय?" असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराच्या मागं खडूनं तारीख आणि सही टाकायची. साहेब तपासणीला आला की आधी दारं उघडून खडू पाहायचा.

पुष्कळ कर्मचारी सह्या आधी टाकायचे आणि ताप नंतर विचारायचे. भाऊ उलटे. त्यांचा एक नियम होता. "पहिल्या फेरीत बोट मागायचं नाई. आधी बसायचं. पाणी मागायचं. पाणी दिलं म्हणजे घर आपलं झालं."

जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, एक गोंड आजी होती. सुई पाहिली की ती हातात मुसळ घ्यायची. भाऊ सहा फेऱ्या तिच्या अंगणात बसून नुसती कोंबड्यांची चौकशी करून आले. ही अंड्यावर बसली काय, त्या कोंबड्याचा पाय बरा झाला काय. सातव्या फेरीला आजीनंच बोट पुढं केलं. म्हणाली, "घे बापा. नाईतर तू माह्या कोंबड्याइचंच रगत काढशीन." ती काचपट्टी त्यांनी माझ्या टेबलावर अशी ठेवली, जशी कोणी पोराची मार्कशीट ठेवावी.

आता त्यांनी नोकरीतली ही पद्धत नातेवाइकांवर चालवायला घेतली होती.

कारण होतं त्यांच्या मुलाचं लग्न. प्रवीणचं. वर्षानं बापाला स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आम्हाले जोडीनं आवतन असन तर येईन. एकटीले बोलावसान तर भावाच्या लग्नालेही नाई येणार." आणि दुसऱ्या बाजूला होती भाऊंची थोरली बहीण. तिला सगळे मोठीबाई म्हणत. वर्षाची आई पोरं लहान असतानाच गेली, तेव्हा मोठीबाईनंच दोघांना वाढवलं. तिनंही सांगून ठेवलं होतं, "त्या दोघी मांडवात जोडीनं बसल्या तर मी उंबऱ्यावरून वापस फिरन." म्हणजे लग्नात एक तर लेक नसणार, नाही तर आईच्या जागी असलेली बहीण नसणार. हातात होतं एक वर्ष. भाऊंनी हिशेब केला, पंधरा दिवसाला एक म्हणजे चोवीस फेऱ्या.

मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. कधी सायकलनं, कधी जीपमध्ये लटकून. मला वाटायचं, भाऊंना शिकलेल्या माणसाचा आधार पाहिजे असणार.

त्यांचे लहानपणीचे दोस्त हमीदभाई टेलर. मशीनवरून मान वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोरा तोडून म्हणाले, "दौलत, तेरी पोरगी म्हंजे माझी पोरगी. तिच्यासाठी दुआ करीन. पर शादी मले नाई म्हनता येनार. माझा मजहब हाय, तुले मालूम हाय."

"बरं. मग काय म्हणशीन?"

हमीदभाईंनी विचार केला. "घर म्हनीन. उनका घर."

"चालते. आज घर म्हण."

बाहेर आल्यावर मी तणतणलो. अर्धवट का मान्य केलं? समजावून सांगायचं होतं! भाऊ सायकलची चेन बसवत म्हणाले, "क्लोरोक्विनच्या गोळ्या आपण एकदम दहा देतो काय? आज चार, उद्या चार, परवा दोन. एकदम देल्ल्या तर माणूस ओकते."

एका चुलतभावानं, या काळजीनं रात्रभर झोप नाही म्हणत, सुचवलं, पोरीला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. मला वाटलं, आता भाऊ चिडणार. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तीस वर्षांपासून मी हेच काम करून राह्यलो. ताप कोणाले आहे ते मले दारातून समजते. पोरगी जेवते, झोपते, ड्युटी करते, हसते. तूच रातभर जागा आहेस म्हणतेस. मग गोळी कोणाले देऊ?"

त्यांचा स्वभाव आधीपासून असा होता, असं मात्र नव्हे. एकदा नदीच्या पुलावर सायकल उभी करून त्यांनी मला सांगितलं. वर्षानं पहिल्यांदा हे घरी बोलून दाखवलं, तेव्हा भाऊ ताटावरून उठले होते. दोन दिवस उपकेंद्रातच राहिले, घरी गेलेच नाहीत. मग वर्षा दर पंधरा दिवसांनी येऊ लागली. यायची, पाणी मागायची, बसायची, नोकरीचं काही सांगायची आणि जायची. दुसरं काहीच बोलायची नाही.

"नवव्या वेळी माह्या ध्यानात आलं," भाऊ म्हणाले, "हे तर माह्यावरच फेरी करून राह्यली! माहीच पद्धत, माह्याच घरी!" आणि ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "म्हणून आता लोकायवर चिडता येत नाई मले. मलेच नऊ लागल्या."

कामानिमित्त चंद्रपूरला गेले की भाऊ एका वकिलाकडं चौकशी करून यायचे. वकील दरवेळी मान हलवायचा, कायद्यात अशी सोय नाही. एकदा परत आल्यावर ते माझ्या खोलीत येऊन बसले. त्या दिवशी आवाज जरा पडलेला होता. "सरकारजवळ डासाच्या अळ्या मोजायचा फॉर्म आहे," ते म्हणाले. "माह्या पोरीच्या लग्नाचा फॉर्म नाई. प्रवीणच्या लग्नात मी बाप म्हणून सही करन. हिच्या लग्नात कुठी करू?" मग स्वतःच म्हणाले, "फॉर्म येईन कधीतरी. पण येईन तवा लोक तयार पायजेत. नाईतर फॉर्म येईन अन् मांडवात कोणी येणार नाई."

मोठीबाईचं गाव नागभीडकडं. तिथं मी पहिल्यांदा गेलो आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रदीर्घ भाषण दिलं. समता, स्वातंत्र्य, माणसाचा अधिकार, सगळं आणलं. छप्पन सालच्या दीक्षेची आठवण करून दिली, तीही दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून ती पाहिलेल्या बाईला. मोठीबाईनं ऐकून घेतलं. आत गेली. दोन कप चहा घेऊन आली. भाऊंच्या चहात साखर होती, माझ्या नव्हती.

"झालं बोलून?" तिनं मला विचारलं. "आता प्या अन् निघा."

परतीच्या जीपमध्ये भाऊ म्हणाले, "पहिल्याच फेरीत सुई काढलीस तू. तीही बैलाची." पुढच्या कित्येक फेऱ्या ते तिथं एकटेच गेले आणि नुसते लाखोळीच्या पिकाबद्दल बोलून आले. मी घालवलेलं पाणी परत मिळवायला तेवढ्या लागल्या.

लग्नाला महिना राहिला तेव्हा त्यांनी मला पुन्हा सोबत घेतलं. अट एकच होती, मी अंगणात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मोठीबाई ओसरीवर सूप घेऊन लाखोळी पाखडत होती. भाऊ समोर बसले.

मग भाऊ म्हणाले, "बाई, सखूवहिनी गेली, तवा तू किती दिवस चूल पेटवली नाई?"

सखू म्हणजे मोठीबाईची जाऊ. दोघी तरण्या वयात विधवा झालेल्या. तीस वर्षं त्या एका चुलीवर जेवल्या होत्या.

सूप थांबलं. "पंधरा दिवस."

"काऊन?"

"कोणासाठी पेटवू?"

मोठीबाईच पुढं म्हणाली, "मले समजते तू कुठी नेऊन राह्यला ते. पण आमचं लग्न नव्हतं, दौलत. आम्ही जावा होतो. तुह्या पोरीचं वेगळं आहे."

"वेगळंच आहे. मी कुठी नाई म्हणतो? वर्षा लग्न म्हणते, तू सोबत म्हणत होतीस. पण हे पाह्य बाई, वर्षानं मैत्रीण आहे, रूम पार्टनर आहे, असं काही सांगितलं असतं, तर तूच म्हटली असतीस, बरं झालं, पोरीले सोबत भेटली. खोटं बोलली असती तर मांडवात बसली असती. खरं बोलली म्हणून बाहेर. तिले खरं बोलाले कोणं शिकवलं? मी तर बारा महिने फेरीवर होतो."

मोठीबाईनं सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात फेकला. तो माझ्या पायाशी पडला. मी हललो नाही.

"अन् लोक?" ती म्हणाली.

"लोकायकडं मी जातो न. माहं कामच ते आहे."

पुन्हा सूप सुरू झालं. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात मोठीबाईनं सुपातच पाहत विचारलं, "ते सुनंदा... मटण खाते काय?"

"खाते!" मी अंगणातून ओरडलो. भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी त्या खड्याकडं पाहू लागलो.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा मोठीबाई स्वतः जीपनं ब्रह्मपुरीला आली. आमच्या मागच्या अंगणाची भिंत कमरेएवढी. तिच्या अलीकडं त्या वेळी मला आणि मंदाला अचानक फार कामं निघाली होती. मोठीबाई दोघींच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "कोण आहे घरात?"

सुनंदा बाहेर आली. हाताला कणीक होती.

"सोमवारी तुमची चूल बंद," मोठीबाई म्हणाली. "प्रवीणचं लग्न आहे. चुलीचं आवतन आहे हे."

सुनंदानं विचारलं, "दोघींचं?"

"चुली किती आहेत तुमच्या?"

"एक."

"मग काऊन विचारतेस वं?"

मागून वर्षा आली होती. ती तिथंच, दारातच, खाली बसली. मोठीबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "उठ. पाणी तरी दे. उन्हाची आली मी." शेजारी माझी बायको लसणाच्या वाफ्याला पाणी देत होती. वाफ्यातून पाणी केव्हाचंच बाहेर वाहून चाललं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हमीदभाईंनी दोघींसाठी ब्लाउज शिवून पाठवले. मापं दोन, कापड एकाच ताग्याचं. भाऊ त्यांना भेटायला गेले तर म्हणाले, "मैंने कुछ बोला नहीं हां. सिर्फ सिया."

मांडवात वंदना झाली, मंगल परिणय झाला, फुलं टाकून झाली. मग घरातल्या जोडप्यांना बसवून कपडे द्यायची वेळ आली. हे मोठीबाईचं काम. तिनं चटई झटकून अंथरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वर्षा, सुनंदा, जोडीनं बसा." कुठंतरी एक खुर्ची सरकली. दोन घरं उठली आणि न जेवता निघून गेली. मी भाऊंकडं पाहिलं. ते चटईवरच्या दोघींकडं पाहत होते, आणि ओठ हलत होते. बहुधा मनातल्या मनात बापाची सही करत होते. मग त्यांनी त्या दोन घरांचे डबे भरले, आपल्या हातानं झाकणं लावली आणि पाठवून दिले. मला म्हणाले, "दोनच घरं राहिली. मले वाटलं होतं, दहा उठतीन."

पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या घराला रंग द्यायचा होता. पुढचं दार निखळून अंगणात ठेवलं, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला खाली खडूच्या खुणा दिसल्या. चार तारखा, चार सह्या. पहिली तारीख घरभरणीच्या आधीची, पाकीट परत आलं त्या दिवसाची. चौथीभोवती गोल. गोल म्हणजे ताप उतरला, घर झालं. मी त्या दारासमोर हातात पॉलिशचा कागद घेऊन बसून राहिलो. वर्षभर मी समजत होतो की मी दौलतभाऊंच्या झोळ्याला हात लावणारा साथीदार आहे. मी त्यांच्या यादीतलं एक घर होतो. मला सोबत घेऊन फिरणं, हाच माझ्यावरचा उपचार होता.

मी रंगवाल्याला दाराची मागची बाजू सोडून द्यायला सांगितली. तो म्हणाला, साहेब, घाण दिसन. म्हटलं, दिसू दे.

भाऊ निवृत्त झाल्यावर मला शेवटचे दिसले ते ब्रह्मपुरीच्या बसस्थानकाबाहेर. नागभीडच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसलेले, पाय बाहेर लोंबत. खाकी झोळा तोच, आता त्यात सुया नव्हत्या, केळी होती. केस पांढरे आणि बोटांची टोकंही पांढरी.

"कुठी निघाले भाऊ?"

"न जेवता गेले होते न, त्या दोन घरांतलं एक. सहावी फेरी आहे. मागच्या वेळी पाणी देल्लं."

"अन् दुसरं?"

"ते झालं. दिवाळीत पोरीइच्या घरी जेवून गेले." जीप सुरू झाली तसं मी घाईनं विचारलं, "भाऊ, माह्या दारावर चार खुणा आहेत. मंदाच्या किती होत्या?"

इंजिनाच्या आवाजात ते ओरडले, "तिलेच विचार!" आणि हात वर केला. धुळीत तो पांढरा हात बराच वेळ दिसत राहिला. त्या थंडीतच ते गेले. सातवी फेरी वर्षानं आणि सुनंदानं केली, असं नंतर कळलं.

त्या दिवशी बसस्थानकावरून घरी आलो तेव्हा मंदा वाल निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझ्यासारख्या माणसाला चार फेऱ्या लागल्या. तुझ्यावर भाऊंनी किती केल्या?"

मंदानं मान वर केली नाही. म्हणाली, "माझ्या यादीत त्या घराची पत्रिका एकच होती. दुसरी तुम्ही लिहिली."